सावरट्याचा ठिपका

झुंबर चुकलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कुणी मला विचारायला नको. चौकशी समितीच्या पाच जणांनीही तेच लिहिलं आणि खाली सह्या ठोकल्या. मला त्यांनी समोर बसवलं, चहा पाजला, आणि "तुमच्यासारखी प्रामाणिक माणसं खात्याला हवीत," असं म्हणून सोडून दिलं. चहा चांगला होता, आलं घातलेला. तो घशाखाली कसा उतरला ते माझं मला ठाऊक.

मी जयमाला कुंभार, वय पंचावन्न. सोनखिंड धरणाच्या नियंत्रण कक्षात काचतंत्रज्ञ. कागदावर असं भारदस्त लिहितात. खरं काम पुसण्याचं. आधी वीस वर्षं चष्म्याच्या काचा घासल्या. काच बोटाला कळायला लागली की डोळ्यांची तेवढी गरज उरत नाही. म्हणून तर मला इथं घेतलं, नाहीतर आयटीआयवालीला कोण विचारतंय?

झुंबर म्हणजे आमचा प्रकाशगणक. त्याचं सरकारी नाव लांबलचक आहे, पण आत एवढ्या काचा, भिंगं आणि आरसे लटकलेत की पहिल्याच दिवशी कुणीतरी झुंबर म्हणालं आणि तेच चिकटलं. आमचे प्रमुख साखळकर सर पाहुण्यांना ते समजावून सांगायचे, ते ऐकून ऐकून मला पाठ झालंय. साधा संगणक तारेतून वीज पळवतो आणि एकामागून एक गणितं करतो. गणितं वाढली की तो तापतो आणि रखडतो. प्रकाशाचं तसं नाही. दोन किरण एकमेकांतून आरपार जातात आणि कुणाला धक्काही लागत नाही. मग एकाच भिंगातून चार हजार किरण एकदम सोडले तर चार हजार गणितं एकदम होतात. वाटेत कमीजास्त काळी केलेली काच ठेवली की किरण तेवढा मंद होतो. तो झाला गुणाकार. भिंगानं सगळे किरण एका जागी आणले की झाली बेरीज.

"आणि प्रश्नोत्तरं?" पाहुणे विचारायचे.

"तीही प्रकाशातच," सर सांगायचे. "एक खास स्फटिक आहे. त्यावर दोन्ही किरण पडले तरच पलीकडे उजेड जातो. हे झालं 'आणि'. दुसरीकडे एका किरणाची लाट दुसऱ्याच्या लाटेवर अशी उलटी पाडायची की दोन्ही मिळून अंधार. हे झालं 'नाही'. हे पाणी इकडे सोडलं, आणि तिथं माणसं आहेत, असं आहे का? हा प्रश्न आम्ही अख्ख्या खोऱ्याला एकाच वेळी विचारतो. तुमची पापणी लवायच्या आत उत्तर येतं."

सगळ्याच्या आरंभी एक मूळ काच आहे, जेवणाच्या ताटाएवढी. तिच्यावर चौसष्ट गुणिले चौसष्ट ठिपके, प्रत्येक ठिपका मोहरीएवढा. एक ठिपका म्हणजे वेतणा नदीच्या खोऱ्याचा एक तुकडा. तिथल्या माणसांच्या मोबाईलवरून दर पंधरा मिनिटांनी डोकी मोजायची आणि तेवढा उजेड त्या ठिपक्यातून सोडायचा. माणसं जास्त तर ठिपका लखलखीत, माणसं कमी तर मिणमिणता. माणसंच नसतील तर काळा.

"अंधार म्हणजे नाही," सर म्हणायचे. हे त्यांचं आवडतं वाक्य.

साखळकर सर वाईट माणूस नव्हते हो. दोन हजार त्रेचाळीसच्या पुरात याच खुर्चीत बसलेले होते. धरण भरलं, आणि पाणी कुठून सोडायचं यावर चाळीस मिनिटं फोनवर फोन. हा पुढारी म्हणतो माझ्याकडे नको, तो म्हणतो माझ्याकडे नको. शेवटी सगळं पाणी वेतणापेठेत घुसलं आणि एक्क्याण्णव माणसं गेली. त्यानंतर सरांचे केस एका महिन्यात पांढरे झाले. मग कायदा आला: निर्णय झुंबराचा, दरवाजेही तेच उघडणार, माणसानं हात लावायचा नाही. पाणी जिकडे जाणार तिथला भोंगा तेच वाजवणार, आणि जितकी माणसं तितक्यांना पुरतील एवढ्या पूरगाड्याही तेच पाठवणार. तीन वर्षांत दोन पूर आले आणि एकही माणूस दगावला नाही. लोकांचा इतका विश्वास बसला की भोंगा वाजला नाही तर पायाशी पाणी आलं तरी कुणी उठेना.

आता माझा शहाणपणा सांगते.

मी कुंभाराची लेक. आमच्या कुंभारखोरीत खंडेनवमीला चाकाला हळदकुंकू लागल्याशिवाय पुढं ते फिरवत नाहीत. आई मी चार वर्षांची असताना गेली. माझी आक्का तेव्हा अकरा वर्षांची. तिनं शाळा सोडली, मला कडेवर घेतलं, वडिलांबरोबर माती तुडवली आणि मला वाढवलं. दर खंडेनवमीला माझं बोट धरून चाकाला कुंकू लावायची. म्हणायची, "राबणाऱ्याला सणाला कोरडं ठेवू नये जयू, शाप लागतो."

आणि इथं साखळकर सरांनी लेखी सूचना लावलेली: कक्षात फूल, उदबत्ती, हळदकुंकू आणण्यास मनाई. मला राग आला. वर्षभर हे बिचारं अख्ख्या खोऱ्यासाठी राबणार आणि सणाला तेवढं कोरडं? शुक्रवारी खंडेनवमी होती. साफसफाईसाठी मी झाकण उघडलं, आजूबाजूला बघितलं, पदराच्या गाठीतली पुडी सोडली आणि बाहेरच्या लोखंडी कडेला अनामिकेनं एकच बोट लावलं. काचेला नाही हं, कडेला. हात जोडले, झाकण लावलं, आतला पंखा सुरू झाला आणि मी निघून आले. देवाशपथ सांगते, मला फार बरं वाटलं होतं.

ठिपक्यांची तपासणी दर सोमवारी असते. परतीचा पाऊस आला रविवारी.

पाऊस कसला, आभाळ फाटलं होतं नुसतं. दुपारी अडीचला धरण धोक्याच्या रेषेला टेकलं. कक्षात मी आणि साखळकर सर दोघंच होतो. बाकीचे सुट्टीवर गेलेले रस्त्यात अडकले होते. भिंतीवरच्या फलकावर अक्षरं उमटली: डावा सांडवा उघडणार. पाणी जाणार कुंभारखोरीच्या ओढ्यानं. धोक्यातील माणसं: शून्य. उरलेली वेळ: तीस मिनिटं.

मी हसले. खरंच हसले. "सर, कुंभारखोरीत शून्य माणसं कशी असतील? सकाळी तर चारशे बारा दाखवत होतं. आमची आक्का एकटीच दहांना पुरून उरते."

"गेली असतील सणाला," सर फलकावरची नजर न काढता म्हणाले. "मोबाईल मोजतं ते. तुम्ही-आम्ही कोण शंका घेणारे?"

मी फोन लावला. पहिल्याच घंटीला आक्कानं उचलला.

"काय गं जयू? जेवलीस का?"

"आक्का, कुठं हायस?"

"कुठं असणार? आव्यापाशी. सकाळीच पेटवलाय. सात हजार पणत्या हायत आत."

"एवढ्या पावसात?"

"पत्र्याखाली हाय की. दिवाळी काय पाऊस थांबायची वाट बघती व्हय?"

"आणि गावात? गावात कोण कोण हाय?"

"अगं, समदं गाव हाय. देवळात भजन चाललंय. तुला काय झालंय?"

मी खुर्चीचा हात धरला. "आक्का, ऐक माझं. सगळ्यांना घेऊन टेकडीवर जा. आत्ताच्या आत्ता. पाणी येतंय."

"भोंगा कुठं वाजलाय?"

"भोंगा वाजायचा नाही."

"मग?" ती हसली. "भोंगा नाही तर पाणी नाही, तूच सांगत होतीस की गं. आणि माझा गुडघा बघ, त्या टेकडीवर चढायला मला दोन माणसं लागतात. आवा सोडला तर सगळा माल कच्चा राहील. तू आधी दोन घास खाऊन घे, रिकाम्या पोटी तुला असं काहीबाही सुचतं." आणि तिनं फोन ठेवला. परत लावला तर लागेना.

शून्य. माणसं असताना शून्य. ठिपका काळा. मला एकदम माझी अनामिका आठवली, आणि मग तो पंखा: दोन दिवस आत कुठंतरी अडकलेलं कुंकू त्यानं आज काचेवर उडवलं असणार.

"सर," मी म्हणाले, "मी पूजा केली होती."

त्यांना आधी कळेना. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं हा माणूस इथंच कोसळतो. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. पण त्यांनी फक्त गळ्यातली किल्ली काढली. थांबा-किल्ली एका वेळी सहाच मिनिटं चालते. सहा मिनिटांत झुंबर पुन्हा चालू झालं नाही तर सगळे दरवाजे आपोआप उघडतात आणि पाणी वेतणापेठेत जातं. चाळीस हजार वस्तीत.

"पुसा," ते म्हणाले. किल्ली फिरवली. "पुसा लवकर, जयमालाबाई. मी घड्याळ बघतो." ते फलकाकडे तोंड करून उभे राहिले आणि मिनिटं मोजायला लागले.

मी झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं. सापडला. कुंभारखोरीच्या ठिपक्यावर बरोब्बर मधोमध, ठिपका पुरता झाकेल एवढा कुंकवाचा एक कण बसला होता. चारशे बारा माणसं त्या कणाखाली होती आणि माझी आक्का त्यांत होती. श्वास रोखून मी कुंचल्याच्या टोकानं तो उचलला, मग भिंगं पुसायचा मऊ कागद फिरवला. ठिपका आरशासारखा स्वच्छ झाला. मला रडू फुटलं.

"चार मिनिटं उरली," सर म्हणाले.

आणि मग माझ्या लक्षात आलं. फलकाच्या कोपऱ्यात सकाळची यादी तशीच होती. डावा सांडवा, कुंभारखोरी, चारशे बारा. उजवा सांडवा, सावरटे, चारशे तीस. झुंबर चालू केल्यावर ते काय करणार हे कळायला मला झुंबर लागत नव्हतं. वजाबाकी मलाही येते. जिथं माणसं कमी तिकडं पाणी. अठरा माणसं कमी होती म्हणून ते कुंभारखोरीलाच जाणार होतं. कण असो वा नसो.

सावरट्याचा ठिपका कुंभारखोरीपासून चार बोटांवर. मी त्या गावात कधी गेलेले नाही. तिथं माझं कुणी नाही.

"तीन," सर म्हणाले. त्यांची पाठ माझ्याकडे होती.

तुम्ही म्हणाल, विचार केला असेल. नाही हो. माझ्या डोळ्यांसमोर फक्त आक्काचा गुडघा होता. त्या गुडघ्यावर बसवून तिनं माझ्या वेण्या घातल्या होत्या. उजव्या हाताची करंगळी मी कपाळाच्या घामावरून फिरवली आणि तिचं टोक सावरट्याच्या ठिपक्यावर टेकवलं. दाबलं नाही. फक्त टेकवलं आणि उचललं. आयुष्यभर मी ज्या डागांना शिव्या घालत आले, तसा एक तेलकट, धुरकट डाग तिथं राहिला. झाकण लावलं.

"झालं सर."

त्यांनी किल्ली फिरवली. पापणी लवायच्या आत फलक बदलला. उजवा सांडवा उघडणार. पाणी जाणार सावरट्याला. धोक्यातील माणसं: दोनशे तीन. पूरगाड्या: चार. उरलेली वेळ: बावीस मिनिटं.

"दोनशे तीन," सर पुटपुटले. "सकाळी चारशेच्या वर होती ना?" त्यांनी घाम पुसला. "असतील बाहेर गेलेली. चला, दोनशेवर निभावलं. चार गाड्यांत आरामात बसतील." आणि मग त्यांनी वळून माझे दोन्ही हात हातात घेतले. "बाई, तुम्ही बोलला नसता तर काय झालं असतं?"

त्या बावीस मिनिटांत मी बोलू शकत होते. हे लिहिताना पेन थांबतंय, पण लिहिते. एक वाक्य पुरलं असतं. सर, तिथं चारशे तीस आहेत, आणखी पाच गाड्या पाठवा. एवढंच. मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा वाटलं, सर काच बघणार, झुंबर परत थांबवणार, आणि पाणी फिरून आक्काकडे जाणार. मी सावरट्याच्या सरपंचांचा नंबर यादीतून काढून लावला. घंटी वाजत राहिली. भोंगा वाजत असणार तिथं, कोण फोन उचलतो? मी पाणी प्यायले. फलकावरचे आकडे उतरत गेले आणि उजवे दरवाजे वर चढले. त्याचा हादरा आमच्या फरशीत जाणवला.

गाड्यांत दोनशेसव्वादोनशे माणसं बसली. आधी म्हातारी आणि पोरंबाळं, असं गावानंच ठरवलं. बाकीचे रस्त्यावर रांग लावून उभे राहिले. झुंबरानं गाड्या पाठवल्यात म्हणजे अजून येणारच, या भरवशावर उभे राहिले. कुणी पळालं नाही, कुणी झाडावर चढलं नाही. पाणी आल्यावर काही कसेबसे कडेला लागले; रांगेतली चौऱ्याहत्तर माणसं गेली.

रात्रीतून मी काच पुसली. समितीनं सोमवारी तपासली तेव्हा ती लख्ख होती.

पुढं मला जे सुचलं ते सुचलं नसतं तर बरं झालं असतं. समजा मी ती करंगळी टेकवली नसती. कुंभारखोरीचा भोंगा वाजला असता. चारशे बारा माणसांना नऊ गाड्या आल्या असत्या. भोंगा ऐकून आक्का उठली असती का? उठली असती. भोंग्यावर तिचा माझ्याहून जास्त विश्वास होता. पणत्या गेल्या असत्या, पत्रा गेला असता, आणि माणूस एकही गेला नसता. झुंबराचा हिशेब बरोबर होता. मीच त्याला काळजीपोटी खोटं सांगितलं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी खात्यानं माझा सत्कार केला. स्वतःची चूक धैर्यानं कबूल करून एक गाव वाचवल्याबद्दल शाल, श्रीफळ. निवेदन करणाऱ्या बाईंनी ताम्हनातलं कुंकू अनामिकेवर घेतलं आणि माझ्या कपाळाकडे हात आणला. मी मागं सरकले. सगळे हसले, म्हणाले, बाई लाजल्या.

पहिल्या रांगेत आक्का बसली होती, गुडघा लांब करून. कार्यक्रम झाल्यावर तिनं पिशवीतून पणत्या काढल्या, त्याच आव्यातल्या. "घे. तू खरं बोललीस म्हणून वाचलो गं आम्ही. आईचं नाव राखलंस." तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मग हळू आवाजात म्हणाली, "त्या सावरट्याच्या लोकांचं लई वाईट झालं बघ. त्यांच्यात कुणी असती तुझ्यासारखी, तर वाचली असती बिचारी."

तिला मी अजूनही हे सांगितलेलं नाही. त्या पणत्या कपाटात आहेत, वात घालायचं धाडस होत नाही.

सरकार आता बत्तीस नवी झुंबरं बसवतंय. एक रुग्णालयातल्या खाटा वाटायला, एक वीज कुणाची तोडायची ते ठरवायला, आणखी कशाकशाला. प्रत्येकाला एक पुसणारा माणूस लागणार, आणि त्यांना शिकवायला मला नेमलंय. परवा पहिली तुकडी आली. सरळ मनाची, कष्टाळू माणसं. मी त्यांना पुसायचा कागद कसा धरायचा ते शिकवलं, श्वास कसा रोखायचा ते शिकवलं. त्यांच्याकडे बघताना मला धडकी भरत होती. कारण त्यांच्यातल्या प्रत्येकाला कुठं ना कुठं एक आक्का आहे.

सावरट्याच्या उरलेल्या लोकांना दूर माळावर घरं दिली. गावात आता कुणी राहत नाही.

दर सोमवारी तपासणीला मी झाकण उघडते, भिंग लावते. कुंभारखोरीचा ठिपका लखलखत असतो. त्याच्यापासून चार बोटांवर सावरट्याचा ठिपका, काळा. मी पुसते. कागद बदलून परत पुसते. साखळकर सर एकदा मागून म्हणाले, "बाई, काच स्वच्छ आहे. तिथं माणसंच नाहीत आता."

बरोबर आहे त्यांचं. झुंबर चुकलेलं नाही. तरी मी पुसतेच.